वेढ्यातील पॅरिस आणि तेथील हंगामी सरकार

'हंगामी' हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही आहे. पण त्याचे अर्थ दोन्हीकडे सारखे नाहीत. मराठी वर्तमानपत्रात 'हंगामी सरकार' असे छापून येते, तेव्हा कायमची व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहणारे तात्पुरते सरकार असा त्याचा अर्थ असतो. उर्दूत अशा सरकारला आपण 'आरझी हुकूमत' म्हणतो. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी १९४३ साली सिंगापूर येथे स्थापन केलेल्या सरकारचे नाव 'आरझी हुकूमत-ए-आझाद हिंद' असेच होते. उर्दूतील 'हंगामी' म्हणजे मात्र आणीबाणीचा. 'हंगामी हालात' हे शब्द तुम्ही अनेकदा ऐकले असतील. या पाठात ज्या सरकारची माहिती आपण घेणार आहोत, ते सरकार दोन्ही भाषांच्या अर्थाने हंगामी होते. ते तात्पुरते होते आणि आणीबाणीत जन्मले होते.

हे सरकार फ्रान्समध्ये १८७० साली स्थापन झाले. त्या वेळी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते. अनेक लहानमोठी जर्मन राज्ये होती आणि त्यांत प्रशिया सर्वांत बलाढ्य होते. प्रशियाचा मुख्य प्रधान बिस्मार्क याला या राज्यांचे एक राष्ट्र करायचे होते. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला शेजारी असे बलाढ्य राष्ट्र नको होते. स्पेनच्या रिकाम्या गादीवर कोणी बसावे, या प्रश्नावरून दोघांत तंटा झाला आणि १९ जुलै १८७० रोजी फ्रान्सने युद्ध पुकारले. पुढच्या दीड महिन्यात फ्रान्सचा पराभवामागून पराभव झाला. २ सप्टेंबरला सेदाँ येथे स्वतः सम्राट आपल्या सैन्यासह शत्रूच्या कैदेत सापडला. दुसरे मोठे सैन्य मेत्सच्या किल्ल्यात अडकून पडले होते. देशाला राजा उरला नाही आणि रणांगणावर फौजही उरली नाही.

ही बातमी पॅरिसला पोहोचताच लोक रस्त्यावर आले. ४ सप्टेंबर रोजी पॅरिसच्या नगरभवनात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पॅरिसमधून निवडून आलेल्या विरोधी पक्षाच्या प्रतिनिधींनी तेथेच नवे सरकार बनवले. त्याचे नाव 'राष्ट्रीय संरक्षण सरकार' असे ठेवण्यात आले. पॅरिसचा लष्करी गव्हर्नर जनरल त्रोश्यू हा अध्यक्ष झाला. ज्यूल फाव्र याच्याकडे परराष्ट्र खाते आले. लेओं गांबेता हा बत्तीस वर्षांचा वकील गृहमंत्री झाला. गांबेता हा दक्षिणेकडील काओर गावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. लहानपणी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. पण त्याची वाणी अशी होती की, तो बोलू लागला की सभा स्तब्ध होई.

या सरकारला देशाने निवडून दिलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. मंत्री बहुतेक सारे पॅरिसचे होते आणि त्यांना मान्यता दिली होती ती पॅरिसच्या गर्दीने. खेडोपाडीच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. मंत्र्यांनाही ही उणीव जाणवत होती. निवडणुका घेण्यापुरते युद्ध थांबावे म्हणून फाव्र १९ व २० सप्टेंबरला बिस्मार्कला भेटला. त्याआधी त्याने जाहीर केले होते की, फ्रान्स आपल्या भूमीचा इंचभर तुकडा किंवा किल्ल्याचा एक दगडही देणार नाही. बिस्मार्कला तर अल्सेस आणि लॉरेन हे प्रांत हवे होते. फाव्रला अश्रू आवरले नाहीत असे सांगतात. बोलणी फिसकटली. तोवर प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता. वेढा म्हणजे उर्दूत ज्याला 'मुहासरा' म्हणतात तो.

पॅरिसला त्या काळी सुमारे ३३ किलोमीटर लांबीचा तट होता आणि तटाबाहेर सोळा किल्ले होते. आत वीस लाख माणसे होती. त्यांत लाखो नागरिकांनी बंदुका हाती घेतल्या होत्या. हत्यारे भरपूर होती. पण कवायत शिकलेले सैनिक थोडे होते. बिस्मार्क आणि त्याचे सेनापती यांना तटावर हल्ला करून माणसे गमवायची नव्हती. त्यांनी शहराभोवती कडे केले आणि रसद संपण्याची वाट पाहत ते बसले. 'रसद' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे आणि वेढ्याचा निकाल बहुधा तोच लावतो.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. शत्रू राजधानीकडे येत आहे हे पंधरा दिवस आधी ठाऊक असताना सरकार पॅरिसमध्येच का राहिले? मंत्र्यांपाशी कारणे होती. पॅरिस सोडणे म्हणजे पळून जाणे, असे त्यांना वाटत होते. आपण गेलो तर शहरातील जहाल क्रांतिकारक सत्ता घेतील, अशी भीतीही होती. शिवाय पॅरिस म्हणजेच फ्रान्स, ही समजूत त्यांच्या हाडीमांसी भिनलेली होती. म्हणून नैर्ऋत्येला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील तूर या शहरी त्यांनी फक्त एक शाखा पाठवली. तिच्यात क्रेमिय आणि ग्ले-बिझ्वँ हे सत्तरी गाठलेले दोन मंत्री आणि एक नौसेनापती होता. उरलेल्या देशातून फौजा उभारायच्या, त्यांना अन्न-शस्त्र पुरवायचे आणि राजधानी सोडवायची, हे सर्वांत कठीण काम या वृद्धांच्या गळ्यात पडले. माझ्या मते या सरकारची सर्वांत मोठी चूक हीच होती. राजधानीचे रक्षण करायला निघालेले सरकार राजधानीतच कैद झाले.

कैद किती पक्की होती ते पाहा. रस्ते व लोहमार्ग बंद झाले होते. तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या होत्या. सरकारने सीन नदीच्या तळातून गुपचूप एक तार टाकून ठेवली होती. शत्रूने तीही शोधून काढली आणि कापली. आता राजधानीतील सरकारने देशाशी बोलायचे कसे?

उत्तर आकाशात होते. २३ सप्टेंबर १८७० रोजी माँमार्त्र टेकडीवरील सेंट पिएर चौकातून 'नेपच्यून' नावाचे बलून सुटले आणि टपालाच्या पिशव्या घेऊन शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन उतरले. बलून म्हणजे कापडाची प्रचंड पिशवी. तिला जवसाचे तेल घालून केलेले रोगण लावत, म्हणजे आतला वायू बाहेर झिरपत नसे. रस्त्यावरील दिव्यांसाठी जो कोळशाचा वायू तयार करीत, तोच तिच्यात भरत. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने बलून वर चढते. खाली वेताची टोपली असते आणि तिच्यात चालक, टपाल व वाळूच्या पिशव्या असतात. वर जायचे असेल तर वाळू टाकायची, खाली यायचे असेल तर वायू सोडायचा. डावीउजवीकडे वळवण्याची मात्र काहीच सोय नसते. वारा नेईल तिकडे जायचे.

वेढ्यामुळे आगगाड्या थांबल्या होत्या. त्यामुळे मोठी रेल्वे स्थानके रिकामी पडली होती. त्यांच्या उंच छपरांखाली बलूनचे कारखाने सुरू झाले. शिवणकामाला बायका बसल्या. चालक कमी पडू लागले तेव्हा नौदलाच्या खलाशांना शिकवून टोपलीत बसवले. वेढ्याच्या काळात साठाहून अधिक बलून पॅरिसमधून सुटली. त्यांनी वीस लाखांहून अधिक पत्रे बाहेर नेली. पत्र चार ग्रॅमपेक्षा जड नसावे असा नियम होता, म्हणून लोक अगदी पातळ कागदावर बारीक अक्षरात लिहीत. पाच बलून शत्रूच्या हाती लागली आणि दोन समुद्रात कायमची नाहीशी झाली.

७ ऑक्टोबर रोजी याच चौकातून खुद्द गृहमंत्री गांबेता बलूनमध्ये बसून निघाला. खालून प्रशियाच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि एक गोळी त्याच्या हाताला चाटून गेली. बलून कसेबसे एका झाडावर अडकून थांबले. ९ ऑक्टोबरला तो तूरला पोहोचला. त्याने गृहखात्याबरोबर युद्धखातेही हाती घेतले आणि फ्रेसिने नावाचा एक अभियंता मदतीला घेतला. कारखान्यांत रात्रंदिवस काम सुरू झाले. परदेशांतून बंदुका आणल्या. पाहता पाहता लाखो माणसांच्या नव्या फौजा उभ्या राहिल्या. या फौजा कच्च्या होत्या, त्यांच्या अंगावर पुरते गणवेश नव्हते. पण त्या लढत होत्या. देशाला आता खरोखर एक सरकार मिळाले होते. अडचण एवढीच की, देशाला सरकारे दोन झाली होती. त्यांच्यामध्ये शत्रूचे कडे होते आणि जोडणारा धागा वाऱ्याचा होता.

बलून बाहेर जाई. परत येणे त्याला जमत नसे. वारा बरोबर पॅरिसच्या दिशेने वाहील आणि बलून नेमके तटाच्या आत उतरेल, हे कसे घडावे? काहींनी प्रयत्न केले; पण यश आले नाही. म्हणून कबुतरे आली. उर्दू शायरीतला नामाबर कबूतर तुम्हांला माहीत आहे. तो प्रियकराचा निरोप नेतो. या कबुतरांना युद्धखात्याचे निरोप न्यायचे होते. पॅरिसची पाळीव कबुतरे पिंजऱ्यात घालून बलूनमधून बाहेर नेत आणि तूरकडून संदेश बांधून सोडून देत. कबुतर आपल्या घराकडे परते. दाग्रों नावाचा एक छायाचित्रकारही नोव्हेंबरमध्ये बलूनने बाहेर गेला. छापलेल्या मोठ्या पानांचे तो अत्यंत लहान छायाचित्र काढी. पातळ पापुद्र्यासारख्या त्या फितीवर हजारो संदेश मावत. अशा डझनभर फिती गुंडाळून पिसाच्या पोकळ नळीत घालत आणि नळी कबुतराच्या शेपटीला बांधत. पॅरिसमध्ये जादूच्या दिव्याने ती अक्षरे भिंतीवर मोठी करून पाडत आणि कारकून ती उतरवून घेत. तरीही थंडी, धुके, ससाणे आणि बंदुका यांतून वाचून साधारणपणे पाचांतील एखादेच कबुतर घरी पोहोचे.

या कच्च्या धाग्याने काय होते, ते नोव्हेंबरअखेर दिसून आले. ९ नोव्हेंबरला गांबेताच्या नव्या फौजेने कूल्मिए येथे विजय मिळवला आणि ऑर्लेआँ शहर परत घेतले. पाच दिवसांनी एका कबुतराने ही बातमी पॅरिसला आणली. शहर आनंदाने वेडे झाले. त्रोश्यूची योजना पश्चिमेकडून बाहेर पडण्याची होती. आता सगळे म्हणू लागले की, दक्षिणेकडे निघा, तिकडून आपली फौज येत आहे. त्रोश्यूने योजना बदलली. तोफा, तराफे, दारूगोळा सारे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हलवले. २९ नोव्हेंबर हा दिवस ठरला. आतून एक फौज आणि बाहेरून दुसरी एकाच वेळी सरकली तर कडे फुटण्याची आशा होती. त्यासाठी गांबेताला तारीख कळणे आवश्यक होते.

२४ नोव्हेंबरच्या रात्री 'ऑर्लेआँ नगर' नावाचे बलून हा निरोप घेऊन निघाले. टोपलीत रोलिए आणि बेझिए असे दोघे जण होते. रात्रीत वाऱ्याने दिशा धरली ती उत्तरेची. सकाळी त्यांना खाली लाटांचा आवाज ऐकू आला. ते समुद्रावर होते. वजन कमी करण्यासाठी त्यांनी टपालाची एक पिशवीही समुद्रात टाकली. अखेर दुपारी धुक्यातून झाडे दिसली, तेव्हा दोघांनी बर्फात उड्या घेतल्या. आपण कोणत्या देशात आहोत हे त्यांना कळेना. भेटलेल्या शेतकऱ्यांची भाषा समजेना. एका काड्याच्या पेटीवर छापलेल्या शहराच्या नावावरून त्यांना उमगले, असे सांगतात, की आपण नॉर्वेत आहोत. पंधरा तासांत ते बाराशेहून अधिक किलोमीटर दूर आले होते.

नॉर्वेहून तो निरोप तारेने फिरत तूरला पोहोचला तो ३० नोव्हेंबरला. त्याच दिवशी जनरल द्युक्रो पॅरिसमधून बाहेर पडून लढत होता. मार्न नदीला पूर आल्याने पूल टाकायला उशीर झाला होता, म्हणून एक दिवस पुढे ढकलला गेला होता. त्या उशिरात शत्रू सावध झाला. बाहेरची फौज तर विखुरलेलीच होती. गांबेताने घाईघाईने तिला पुढे निघण्याचा हुकूम दिला. त्यात आणखी एक घोटाळा झाला. पॅरिसच्या सैन्याने एपिने हे गाव घेतल्याची बातमी बलूनने आली. हे गाव पॅरिसच्या उत्तरेला होते आणि तेथील हल्ला केवळ शत्रूला चकवण्यासाठी होता. पण एपिने नावाचे दुसरे गाव दक्षिणेलाही आहे. तूरच्या मंत्र्यांनी तेच गृहीत धरले. पॅरिसची फौज कडे फोडून आपल्याकडे येत आहे, असे त्यांनी देशाला जाहीर केले. प्रत्यक्षात द्युक्रोचे सैन्य हजारो माणसे गमावून थंडीत कुडकुडत तटाच्या आत परतले. दक्षिणेकडील फौजेचा पराभव झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्लेआँ पुन्हा शत्रूकडे गेले. गांबेताच्या शाखेला तूर सोडून बोर्दोला जावे लागले.

शहराच्या आत सरकारसमोर वेगळेच संकट होते. ३१ ऑक्टोबरला एकाच दिवशी तीन बातम्या फुटल्या. मेत्सची फौज शरण गेली, ल बुर्जे हे गाव हातचे गेले आणि तहाची बोलणी सुरू आहेत. संतापलेला जमाव नगरभवनात शिरला आणि मंत्र्यांना त्यांच्याच सभागृहात अडकवून बसला. रात्री उशिरा त्यांची सुटका झाली. त्यानंतर ३ नोव्हेंबरला सरकारने पॅरिसचे मत घेतले. सुमारे साडेपाच लाख मते बाजूने आणि सुमारे बासष्ट हजार विरुद्ध पडली. पण हे मतही पुन्हा पॅरिसचेच होते.

पोटाचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट झाला. वेढ्याआधी शहराच्या बागांत बैल आणि मेंढ्यांचे कळप आणून ठेवले होते. ते संपल्यावर घोडे कापले गेले. मग कुत्री, मांजरे आणि उंदीर बाजारात विकायला आले. डिसेंबरअखेर प्राणिसंग्रहालयातील कॅस्टर आणि पोलक्स या दोन हत्तींनाही मारण्यात आले. हत्तीच्या मांसाच्या गोष्टी पुस्तकांत फार रंगवून सांगतात. पण ते श्रीमंतांच्या ताटात गेले. गरीब बायका गोठवणाऱ्या थंडीत पहाटेपासून रांगेत उभ्या राहत. जळणासाठी रस्त्याकडेची झाडे तोडली गेली. दुधावाचून लहान मुले दगावत होती. मांसाचे वाटप सरकारने लवकर ठरवून दिले; पण पावाचे वाटप सुरू केले ते थेट १९ जानेवारी १८७१ पासून. मोठ्या माणसाला दिवसाला ३०० ग्रॅम आणि मुलाला त्याच्या निम्मा. तो पावही काळा होता आणि त्यात तांदूळ, ओट वगैरे मिसळलेले असत. लोक चिडतील या भीतीने सरकारने हे पाऊल टाळले होते. वेळेवर उचलले असते तर काही दिवस आणखी निघाले असते.

५ जानेवारीपासून शहरावर तोफगोळे पडू लागले. पॅरिसचा गव्हर्नर शरण जाणार नाही, असे त्रोश्यूने जाहीर केले. १८ जानेवारीला पॅरिसपासून काही मैलांवरील व्हर्साय राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. बिस्मार्कचे स्वप्न पुरे झाले. दुसऱ्या दिवशी पॅरिसचा शेवटचा हल्ला फसला. त्रोश्यूने गव्हर्नरपद सोडले, म्हणजे 'गव्हर्नर' शरण गेला नाही. शब्द अशा रीतीने पाळला गेला! २८ जानेवारीला फाव्रने तीन आठवड्यांच्या युद्धबंदीवर सही केली. १३२ दिवसांचा वेढा संपला.

त्या रात्री फाव्रने बोर्दोला तार पाठवली. आता तारेला कोणी अडवणार नव्हते. पण पूर्वेकडील लढाईला युद्धबंदी लागू नाही, हे तो कळवायचे विसरला. पूर्वेकडील फ्रेंच सेनापतींना वाटले, युद्ध थांबले. ते थांबले, शत्रू मात्र पुढे येत राहिला. शेवटी ऐंशी हजारांहून अधिक उपाशी, फाटके सैनिक बर्फाळ डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेले आणि तेथे त्यांनी शस्त्रे खाली ठेवली.

आपल्याला न विचारता सगळ्या देशासाठी युद्धबंदी केली, म्हणून गांबेता संतापला. त्याला युद्ध चालू ठेवायचे होते. ६ फेब्रुवारीला त्याने राजीनामा दिला. ८ फेब्रुवारीला पाच महिने लांबलेल्या निवडणुका झाल्या. तेव्हा पहिल्यांदाच खेड्यांतील शेतकऱ्याला त्याचे मत विचारले गेले. त्याला शांतता हवी होती. त्याने मोठ्या संख्येने राजेशाहीचे पुरस्कर्ते निवडून दिले, कारण तेच युद्ध थांबवण्याचे बोलत होते. पॅरिसने लढाई चालू ठेवा म्हणणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांना निवडले. राजधानी आणि देश एकमेकांना ओळखेनासे झाले होते. १३ फेब्रुवारीला राष्ट्रीय संरक्षण सरकारने बोर्दो येथील सभेकडे सत्ता सोपवली. पाच आठवड्यांच्या आतच पॅरिस या नव्या सरकारविरुद्ध उठले. त्या उठावाला 'पॅरिस कम्यून' म्हणतात.

गांबेताला निवडून देणाऱ्या मतदारसंघांत अल्सेसमधील एक मतदारसंघ होता. त्याने तोच स्वीकारला. १ मार्च रोजी सभेने तहाला मान्यता दिली आणि अल्सेस व लॉरेनचा मोठा भाग जर्मनीला देण्याचे ठरले. तेव्हा त्या प्रांतांचे प्रतिनिधी सभा सोडून निघून गेले. त्यांच्याबरोबर गांबेताही बाहेर पडला.